स्वदेशी शस्त्रें, परदेशी काळीज

संरक्षणसाहित्य देशांतच निर्माण झालें पाहिजे या सरकारी धोरणावर गेलीं कित्येक वर्षें जो वाद चालू आहे, त्यांत आम्हीं आजवर मुद्दाम लेखणी घातली नव्हती. कारण हा वाद बहुधा दोनच सुरांत गाइला जातो. एका बाजूचे लोक दर नव्या घोषणेस टाळ्या पिटतात आणि जो कोणी हिशेब विचारील त्यास देशद्रोह्यांच्या पंगतीला बसवितात. दुसऱ्या बाजूचे लोक देशी कारखान्यांतून बाहेर पडलेली प्रत्येक वस्तु भिकार ठरवून मोकळे होतात, आणि परक्यांच्या दुकानांत जाऊन चांगला माल रोखीनें घ्यावा यापलीकडे त्यांची बुद्धि धांवत नाहीं. पहिल्यांची भक्ति आंधळी आहे, दुसऱ्यांचें शहाणपण आळशी आहे. मे २०२५ मधील चार दिवसांच्या संघर्षानंतर या वादास नवाच ऊत आला. आकाश आणि ब्रह्मोस यांच्या कामगिरीवरून एका पक्षानें स्वावलंबनाचा झेंडा रोवून घेतला. त्याच आकाशांत रशियाची एस-४०० यंत्रणा आणि फ्रान्सचीं राफेल विमानेंहि होतीं, हें दुसऱ्या पक्षानें कुत्सितपणें सांगितलें. ब्रह्मोस हें क्षेपणास्त्रच मुळीं रशियाशीं भागी करून घडविलेलें आहे, ही गोष्ट मात्र दोघांसहि सोयीची नसल्यामुळें कोणी फारशी उच्चारली नाहीं. असा वाद चालू असतां मौन धरणें म्हणजे दोन्ही बाजूंच्या शब्दच्छलास संमति देणें होय.

सरकारी योजनेचें स्वरूप प्रथम थोडक्यांत सांगतों. १६ मे २०२० रोजीं अर्थमंत्र्यांनीं संरक्षण-उद्योगांत परकी भांडवलास सरळ मार्गानें मिळणारी मुभा शेंकडा ४९ वरून ७४ पर्यंत वाढविण्याचें जाहीर केलें. ९ ऑगस्ट २०२० रोजीं संरक्षणमंत्र्यांनीं १०१ जिनसांची यादी प्रसिद्ध केली व ठराविक मुदतीनंतर त्या बाहेरून घेतल्या जाणार नाहींत असें सांगितलें. ऑक्टोबर २०२३ पर्यंत अशा पांच याद्या निघाल्या आणि जिनसांची संख्या ५०९ झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं सरकारी दारूगोळ्याच्या ४१ कारखान्यांचें जुनें मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यांत आल्या. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत नव्या शस्त्रखरेदीच्या रकमेपैकीं शेंकडा ७५, म्हणजे सुमारें १ लक्ष ११ हजार ५४४ कोटी रुपये, देशी मालासाठीं राखून ठेवले. या सर्व गोष्टींचा हेतु चांगला आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे पुढील मजकूर वाचून कोणी आमची गणना परदेशी मालाच्या आडत्यांत करणार नाहीं.

आतां या योजनेचे पुरस्कर्ते जे आंकडे नेहमीं पुढें करतात ते पाहूं. २०१४-१५ सालीं देशांत ४६,४२९ कोटी रुपयांचें संरक्षणसाहित्य निर्माण झालें. २०२४-२५ सालीं तो आंकडा १ लक्ष ५० हजार कोटींच्या वर गेला. निर्यात २०१३-१४ मध्यें ६८६ कोटींची होती. ती २०२४-२५ मध्यें २३,६२२ कोटींची झाली. २०२९ पर्यंत उत्पादन ३ लक्ष कोटी आणि निर्यात ५० हजार कोटी करावयाची असा संकल्प आहे.

हे आंकडे खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या प्रश्नाचें उत्तर म्हणून ते पुढें केले जातात, त्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे. प्रश्न असा आहे कीं, उद्यां एखाद्या परकी राष्ट्रानें हात आखडला तर आमचें विमान उडेल काय, तोफ डागतां येईल काय, पाणबुडी पाण्याखालीं जाईल काय? उत्तर असें मिळतें कीं, यंदां इतक्या कोटींचा माल कारखान्याच्या दारांतून बाहेर पडला. बाहेरून आणलेलें एंजिन, बाहेरून आणलेलें रडार आणि बाहेरून आणलेली पायलटची खुर्ची देशी सांगाड्यांत बसविली कीं, त्या सगळ्यांची किंमत कारखान्याच्या उत्पादनाच्या बेरजेंत पडते. दुधांत पाणी घालून विकणारा गवळीसुद्धां पाण्याचे पैसे दुधाच्याच खात्यावर मांडतो.

१९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी सुताचें पण देशी मागावर विणलेलें कापड स्वदेशी म्हणावें कीं काय, यावर पुष्कळ खल झाला होता. त्या काळच्या लोकांस हा प्रश्न निदान टोंचत तरी होता. आज तो टोंचणें बंद झाला आहे. नव्हे, तो विचारणेंच अशुभ समजलें जातें. महालेखापालांनीं २०१५ सालच्या अहवालांत दाखवून दिलें कीं, तेजस विमानांत देशी अंश शेंकडा ७० असेल असा जो अंदाज केला होता, तो जानेवारी २०१५ मध्यें प्रत्यक्षांत शेंकडा ३५ च्या आसपासच होता. शेंकडा ७० हा आंकडा तरी कोठून आला? १९९२ सालीं डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली होती, तिनें देशी शस्त्रांचें प्रमाण शेंकडा ३० वरून २००५ सालापर्यंत ७० वर न्यावें असें ठरविलें होतें. २००५ साल आलें आणि गेलें. त्यानंतर आणखी दोन तपें होत आलीं. आणि ७० चा आंकडा मात्र मुहूर्ताच्या नारळासारखा एका समारंभांतून दुसऱ्या समारंभांत फिरतो आहे. स्टॉकहोम येथील शांतता-संशोधन संस्थेच्या गणनेप्रमाणें २०१९ ते २०२३ या पांच वर्षांत जगांतील सर्वांत मोठें शस्त्र-आयातदार राष्ट्र भारतच होतें. पुढच्या गणनेंत, म्हणजे २०२० ते २०२४ मध्यें, युक्रेन पहिलें आलें आणि आम्ही दुसरे झालों. दारांत युद्ध पेटलेल्या राष्ट्रानेंच आम्हांस मागें टाकलें, यांत समाधान मानावयाचें असेल तर खुशाल मानावें. रशियाचा आमच्या आयातींतील वांटा २०१० ते २०१४ मध्यें शेंकडा ७२ होता, तो २०२० ते २०२४ मध्यें ३६ वर आला हें खरें. पण त्याची जागा बव्हंशीं फ्रान्स आणि इस्राएल यांनीं घेतली आहे. एका सावकाराऐवजीं तीन सावकार केले म्हणजे कर्ज फिटत नाहीं.

या साऱ्या प्रकरणाचें वर्म एंजिनांत आहे, म्हणून तेथें जरा थांबतों. जेट एंजिनाच्या आंत ज्वलनानें तापलेला जो वायु टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो, त्याची उष्णता पात्यांचा धातु ज्या अंशावर वितळेल त्याहूनहि अधिक असते. तरीहि पातें वितळतां कामा नये, वांकतां कामा नये, आणि मिनिटास हजारों फेरे घेत शेंकडों तास टिकलें पाहिजे. त्यासाठीं तें पातें धातूच्या एकाच स्फटिकाचें ओतावें लागतें, आंतून पोकळ ठेवून केंसासारख्या छिद्रांतून थंड हवा खेळवावी लागते, वरून मातीच्या जातीचा पातळ लेप द्यावा लागतो. ही विद्या जगांतील चार-पांच राष्ट्रांनाच साधली आहे, आणि ज्यांना साधली त्यांनीं ती कोणासहि पैशानें विकलेली नाहीं. ते एंजिन विकतात, एंजिन जोडण्याचा परवाना विकतात. पात्याचें मर्म विकत नाहींत. चीननें अमाप पैसा ओतला, तरी त्यालाहि आपलें एंजिन आपल्या लढाऊ विमानांत भरंवशानें बसविण्यास दशकांमागून दशकें लागलीं.

आमचा इतिहास काय आहे? कुर्ट टांक या जर्मन शिल्पज्ञाच्या हाताखालीं आंखलेलें मारुत विमान १७ जून १९६१ रोजीं बंगळुरास उडालें. सांगाडा इतका उत्तम कीं जाणत्यांनीं त्याची वाखाणणी केली. परंतु त्याला साजेसें एंजिन कधींच मिळालें नाहीं. ब्रिटिश कंपनीचें अधिक शक्तीचें ऑर्फियस एंजिन पुरें करण्यास जो पैसा हवा होता तो देण्यास आमचें सरकार त्या वेळीं तयार झालें नाहीं. ध्वनीहून वेगानें धांवण्यासाठीं जन्मलेलें विमान ध्वनीच्या उंबरठ्यावरच अडखळत राहिलें. १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर त्यानें चोख काम बजाविलें, १४७ विमानें झालीं, आणि कथा संपली. ठेंच लागली, पण शहाणपण आलें नाहीं. १९८३ सालीं हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला. त्याच्यासाठीं कावेरी एंजिन १९८९ सालीं मंजूर झालें. विमान ४ जानेवारी २००१ रोजीं उडालें तें अमेरिकन एंजिनावर. आणि २००८ सालीं कावेरीचा त्या विमानाशीं असलेला संबंध तोडून टाकण्यांत आला. २०१० सालीं कावेरीची आकाशांतील परीक्षा घ्यावयाची झाली तेव्हां तें एंजिन रशियास न्यावें लागलें, कारण उडत्या विमानावर एंजिन लावून पाहण्याची सोय देशांत नव्हती. मुलास पोहावयास शिकवावयाचें आणि गांवांत विहीर खणावयाची नाहीं, असा हा प्रकार आहे. कावेरीच्या शास्त्रज्ञांवर जे टीकेचा भडिमार करतात त्यांनीं ही विहीर न खणणारांचीं नांवेंहि विचारावीं.

याचा परिणाम कोणावर होतो तें पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्यें ८३ सुधारलेल्या तेजस विमानांचा सुमारें ४८ हजार कोटींचा करार झाला. २०२४ सालच्या आरंभीं पहिलें विमान वायुदलाच्या हातीं पडावयाचें होतें. अमेरिकन कंपनीकडून पहिलें एंजिनच मार्च २०२५ अखेर आलें. इकडे २६ सप्टेंबर २०२५ रोजीं मिग-२१ विमानें निवृत्त झालीं आणि ४२ तुकड्या मंजूर असलेल्या वायुदलांत २९ उरल्या. मे २०२५ मध्यें खुद्द वायुदलप्रमुखांनीं उद्योगपतींच्या सभेंत सांगितलें कीं, वेळेवर पुरा झालेला एकहि प्रकल्प आपल्या ध्यानांत येत नाहीं. गणवेषांतला सर्वोच्च अधिकारी असें उघड बोलतो तेव्हां दुखणें किती खोल गेलें असेल याची कल्पना करावी. दोष सगळा परदेशी कंपनीचा नाहीं हें आम्ही जाणतों. विमानांतील शस्त्रांची व संगणकांची जुळणीहि रेंगाळली होती. पण ज्या विमानाचें काळीज दुसऱ्याच्या तिजोरींत आहे, त्याच्या मालकानें वेळापत्रक छापण्यापूर्वी दोनदां विचार करावा.

येथें परदेशी मालाचे कैवारी पुढें सरसावतील आणि म्हणतील, ‘मग आमचें म्हणणें काय निराळें होतें? तयार विमानें विकत घ्या.’ त्यांस आमचें उत्तर असें कीं, तुम्ही इतिहास वाचीत नाहीं. १९६५ च्या युद्धांत अमेरिकेनें शस्त्रपुरवठा बंद केला. १९९८ च्या अणुस्फोटानंतर तेजसच्या उड्डाण-नियंत्रण यंत्रणेवर अमेरिकेंत काम करीत असलेल्या आमच्या शास्त्रज्ञांस तेथून परत यावें लागलें, आणि नौदलाच्या सी-किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकून पडले. दुसऱ्या वर्षीं कारगिल झालें, आणि आहे त्याच साधनांवर लढूं असें लष्करप्रमुखांस जाहीरपणें म्हणावें लागलें. २०२२ पासून रशिया स्वतःच्या युद्धांत गुंतला आणि एस-४०० च्या उरलेल्या तुकड्यांची वाट पाहत बसण्याची पाळी आमच्यावर आली. बाजारांत रोख पैसे टाकले कीं माल मिळतो, हा नियम कांदे-बटाट्यांचा आहे. शस्त्रांच्या बाजारांत दुकानदाराचें मन सांभाळावें लागतें, आणि तें मन तो युद्धाच्या ऐन वेळींच बदलतो.

विमानें व एंजिनें यांची विद्या कठीण आहे हें कबूल. पण साधी रायफल? २०११ सालीं आमच्या लष्करानें अशी रायफल मागितली कीं जिची नळी बदलतांच ती दोन निरनिराळ्या मापांच्या गोळ्या झाडील. जगांतील मोठमोठे कारखानदार परीक्षेस आले, एकहि पास झाला नाहीं, आणि २०१५ सालीं सारें बासनांत गुंडाळलें. पुढें २०१९ सालीं अमेरिकेकडून ७२,४०० रायफली तातडीनें विकत घेतल्या. त्याच सालीं अमेठीजवळ कोरवा येथें रशियन रायफलींचा कारखाना उघडला. ६ लक्षांहून अधिक रायफलींचा करार होण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. हें लाजिरवाणें प्रकरण शास्त्रज्ञांच्या माथीं मारतां येत नाहीं. येथें मागणाराचेंच डोकें ठिकाणावर नव्हतें. मागणीपत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासमोर निरनिराळ्या परदेशी कंपन्यांचीं गुळगुळीत कागदांवर छापलेलीं माहितीपत्रकें असतात. प्रत्येकींतला सर्वोत्तम गुण तो उचलतो. आणि सर्व देवांचीं शस्त्रें एका हातीं देऊन दुर्गा उभी करावी तशी जगांत कोठेंहि अस्तित्वांत नसलेली वस्तु तो मागतो. तीन वर्षांनीं त्याची बदली होते. नवा येतो तो नवीं माहितीपत्रकें घेऊन.

तोफेची कथा यापेक्षां बरी, पण तितकीच बोधप्रद आहे. पुण्याच्या पाषाण भागांतील सरकारी संशोधनसंस्थेनें आंखलेली व दोन खासगी कारखानदारांनीं मिळून घडविलेली १५५ मिलिमीटरची ओढण्याची तोफ हें आमच्या प्रांतास अभिमान वाटावा असें काम आहे. प्रकल्प २०१३ चा. २०१६ सालीं तोफ डागली गेली. ४५ किलोमीटरांच्या पलीकडे गोळा टाकून तिनें आपल्या जातीच्या परदेशी तोफांना मागें सारलें. १५ ऑगस्ट २०२२ रोजीं लाल किल्ल्यावर सलामी दिली. आणि ३०७ तोफांचा करार झाला २६ मार्च २०२५ रोजीं! मध्यंतरीं २०२० सालीं पोखरणच्या परीक्षेंत नळी फुटली होती, चौकशी होणें रास्तच होतें. पण सलामीस योग्य ठरलेली तोफ लढाईस योग्य आहे कीं नाहीं हें ठरण्यास अडीच वर्षांहून अधिक काळ लागावा, याचें कारण धातुशास्त्रांत सांपडत नाहीं; तें फायलींतच शोधावें लागेल.

ज्यांना देशी उद्योग वाढवावयाचा आहे त्यांना आम्ही माझगांव गोदीची हकीकत पुनःपुन्हां वाचावयास सांगूं. १९८१ सालीं जर्मनीच्या हॉवाल्ड्सवेर्के गोदीशीं चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथें, दोन मुंबईस बांधावयाच्या. मुंबईच्या कारागिरांस जर्मनींत पाठवून पाणबुडीच्या पोलादी कायेचें जोडकाम शिकविलें. हें काम येरागबाळ्याचें नव्हे; एका सांध्यांत केंसाएवढी फट राहिली तर शेंदीडशें मीटर पाण्याखालीं अख्ख्या खलाशांची समाधि होते. मुंबईत बांधलेली पहिली पाणबुडी शाल्की ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं नौदलांत दाखल झाली, दुसरी शंकुल १९९४ सालीं. पुढच्या दोन बांधावयाचा बेत दलालीच्या आरोपांच्या गदारोळांत आधींच बुडाला होता. त्यानंतर माझगांवची पुढची पाणबुडी, कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजीं आली, आणि ती फ्रेंच पद्धतीची. मध्यें तेवीस वर्षें गेलीं. तेवीस वर्षांत जोडाऱ्याचे डोळे जातात, हात कांपूं लागतो, माणूस निवृत्त होऊन गांवीं निघून जातो, आणि त्याच्या हातांतली विद्या कोणत्याहि फायलींत उतरलेली नसते. फ्रेंचांकडून सर्व नव्यानें शिकावें लागलें. शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्यें दाखल झाली; पुढच्या सहांचा करार तेव्हांहि झालेला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांच्या वाटाघाटींस ज्या जर्मन कंपनीशीं आरंभ झाला, ती त्याच कीलच्या गोदीची वारस आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दारांतून शिकून बाहेर पडलों त्याच दारांत पुन्हां पाटी-पेन्सिल घेऊन उभे राहिलों! दलाली खाणारास तुरुंगांत घालावें, याविषयीं दुमत नाहीं; पण दलाल मोकळा सुटला आणि शिक्षा कारागिरास झाली. आयातबंदीच्या याद्या छापणारांनीं या एका गोष्टीचें मनन करावें. आयात बंद केल्यानें उद्योग उभा राहत नाहीं. पुढील वीस वर्षें आम्ही इतका माल घेऊं असें लेखी अभिवचन जेथें असतें तेथेंच कारखानदार यंत्रें मांडतो आणि कारागीर आपल्या मुलास त्या धंद्यांत घालतो.

खासगी कीं सरकारी हा वादहि असाच भलतीकडे गेलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ विजय केळकर यांच्या समितीनें २००५ सालींच सांगितलें होतें कीं, खासगी कारखानदारांस बरोबरीच्या नात्यानें या कामांत घ्यावें आणि सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यांस कंपनीचें रूप द्यावें. दुसरी शिफारस सोळा वर्षांनीं अंमलांत आली, आणि ती कशी, तर आधीं संरक्षण-कामगारांस संप करण्याची बंदी करणारा वटहुकूम काढून. पहिली अजून अर्धवटच आहे. २०२४-२५ च्या उत्पादनांत खासगी कारखान्यांचा वांटा शेंकडा २३ होता. सरकारी कारखाने आळसावलेले होते यांत शंका नाहीं. जेवढा खर्च होईल तेवढी किंमत लष्करानें द्यावी अशी रीत असल्यावर काटकसर कोण करील? पण नांवाची पाटी बदलल्यानें रक्त बदलत नाहीं. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा; देहूरोड, अंबरनाथ, वरणगांव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चांदा येथील कारखान्यांभोंवतीं महाराष्ट्रांतील कामगारांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. २४ जानेवारी २०२५ रोजीं भंडाऱ्याच्या कारखान्यांत स्फोट होऊन ८ कामगार मेले. १७ डिसेंबर २०२३ रोजीं नागपुराजवळ बाजारगांव येथें एका खासगी स्फोटक-कारखान्यांत ९ मेले होते. स्फोटकांस मालक सरकार आहे कीं शेठजी हें कळत नाहीं. उत्पादनाचे आंकडे दर वर्षीं वाजतगाजत प्रसिद्ध होतात. त्यांच्या शेजारीं या मृतांचा आंकडा छापण्याची रीत नाहीं, ती पडावी. सीमेवर मरणारास आम्ही हुतात्मा म्हणतों. त्याच्यासाठीं गोळा भरतांना मरणाराच्या घरीं भरपाईचा धनादेश जातो आणि प्रकरण मिटतें.

आमच्या प्रांतांत मात्र या सर्व काळांत सर्वांत जास्त रंग चढला तो निराळ्याच वादास. वाहतूक-विमानांचा कारखाना नागपुरास यावयाचा तो बडोद्यास कां गेला, यावर २०२२ सालीं वर्तमानपत्रांचे रकाने भरून निघाले. त्या कारखान्यांत जोडल्या जाणाऱ्या ४० विमानांचा आराखडा स्पेनचा व एंजिन परदेशी, याविषयीं रागावलेल्या पुढाऱ्यांपैकीं कोणी अवाक्षर काढल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. दुसऱ्याच्या विमानाचे खिळे कोणत्या प्रांतांत ठोकावे एवढ्यापुरतीच आमची महत्त्वाकांक्षा उरली असेल, तर वालचंद हिराचंदांचें नांव घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. सोलापूरच्या या गृहस्थानें परकी राजवटींत, सरकारची नाखुषी पत्करून, म्हैसूर संस्थानच्या साह्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. दोन वर्षांत सरकारनें तो आपल्या ताब्यांत घेतला. तेथेंच पुढें कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं, ज्यांनीं ग्यॉटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूपाशीं विद्या घेतली होती, पहिलें देशी शिकाऊ विमान आंखलें, आणि तें १९५१ सालीं उडालें. घाटगे निर्माण कसे होतात? विश्वविद्यालयांत पैसा ओतावा लागतो, दहा प्रयोग फसले तरी अकराव्यास हात आखडतां येत नाहीं. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत संरक्षणाचे ६ लक्ष ८१ हजार कोटी. त्यांत संशोधनखात्यास २६,८१६ कोटी. शंभरांत चार रुपयेहि नाहींत. आणि याच्या सहापट रक्कम निवृत्तिवेतनाची. निवृत्त सैनिकांच्या ताटांतलें कोणी काढावें असें आम्ही सुचवीत नाहीं; संशोधनाच्या ताटांत काय वाढलें आहे तेवढें पाहावें असें म्हणतों.

पैसा, धीर आणि सततची मागणी या तिन्ही गोष्टी जेथें एकत्र आल्या तेथें काम झालें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. विमानवाहू विक्रांतसाठीं बाहेरचें पोलाद वेळेवर मिळेना, तेव्हां हैदराबादची धातु-प्रयोगशाळा आणि सरकारी पोलाद-कारखाना यांनीं मिळून तें येथेंच केलें. २ सप्टेंबर २०२२ रोजीं जहाज नौदलांत दाखल झालें, आणि तें पोलाद नंतरच्या जहाजांसहि उपयोगी पडलें. त्याच प्रयोगशाळेनें २०२१ सालीं हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठीं एकस्फटिकी पातीं ओतून दिलीं. विद्या अगदींच नाहीं असें नाहीं. ती बी-बियाण्याएवढी आहे, आणि आमचे राज्यकर्ते पिकाची जाहिरात करण्यांत गुंतले आहेत.

निर्यातीविषयीं एकच शब्द. शस्त्रें विकून पन्नास हजार कोटी मिळवावयाचे असा संकल्प सोडतांना, तीं कोणास, कोणाविरुद्ध वापरण्यासाठीं विकलीं, याचा देशवार तपशील लोकसभेसमोर यावयास नको काय? जो देश स्वतःस बुद्धाचा व गांधींचा म्हणवितो त्यानें हा प्रश्न व्यापारी गुपितांच्या पेटींत बंद करूं नये.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकजवळ ओझर येथें तयार झालेलें पहिलें सुधारलेलें तेजस संरक्षणमंत्र्यांच्या देखत उडालें. ओझरच्या कामगारांचें अभिनंदन आम्हीहि करतों. आमची मागणी इतकीच आहे कीं, यापुढें असें प्रत्येक विमान, जहाज वा तोफ सैन्याच्या हवालीं करतांना संरक्षणखात्यानें एक कागद लोकसभेच्या मेजावर ठेवावा, आणि त्यांत तीन गोष्टी लिहाव्या: या वस्तूचा कोणता भाग परकी राष्ट्राच्या परवानगीवांचून आम्हांस करतां येत नाहीं, तो येथें करण्यासाठीं गेल्या वर्षीं कोणास किती रुपये दिले, आणि कबूल केलेल्या तारखेहून किती महिने उशीर झाला. छपाईचा खर्च फार येणार नाहीं. खात्यानें तो कागद छापल्यास पुढील अंकीं आम्ही तो टीकेशिवाय जसाच्या तसा प्रसिद्ध करूं.